मार डोक्याला, धोका छातीला

लोहाऱ्याहून उमरग्याकडे जाताना मोटरसायकल घसरते, माणूस बेशुद्ध पडतो आणि गर्दीतून पहिला आवाज येतो, "अरे, पाणी आणा!" माया खरी असते, पण ते पाणी जिवावर उठतं. मेंदूला मार बसला की गिळण्याची आणि ठसक्याची ताकद मंदावते. तोंडात ओतलेलं पाणी, उलटी, रक्त सरळ श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया धरतो. पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको. १०८ ला फोन करा. उलटी होत असेल तर दोघातिघांनी डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवा. नुसती मान वळवू नका, तिलाही मार असू शकतो.

"मार डोक्याला, मग छातीचा फोटो कशाला?" असं नातेवाईक विचारतात. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. फुप्फुसं कमी पडली की जखमी मेंदूला दुसरा मार बसतो. कधी छातीवर ओरखडाही नसतो, तरी काही तासांतच फुप्फुसात पाणी झिरपतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. मेंदूतला दाब एकदम वाढल्यावर अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्याचा हा परिणाम.

"आयसीयूतल्या एसीनं न्यूमोनिया झाला," हेही खरं नाही. तोंडातले जंतू घशातून घातलेल्या श्वासाच्या नळीच्या कडेनं खाली झिरपतात. म्हणून रोज तोंड स्वच्छ करायचं आणि खाटेची उशाकडची बाजू ३० अंश वर ठेवायची. आराम पडावा म्हणून ती परस्पर सपाट करू नका. श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं म्हणजे आशा संपली, असंही नाही. त्यातून कफ सहज काढता येतो, आणि बऱ्याच रुग्णांचं ते पुढे बंदही होतं.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती ताटावर. "पातळ दिलं की सोपं जातं," असं आपण धरून चालतो. उलट पाणी घशात इतकं झरकन उतरतं की मंदावलेला घसा वेळेवर मिटत नाही. गिळणं तपासून घ्या, आणि आंबील किंवा पेज किती दाट ठेवायची ते विचारून घ्या. बसवून भरवा, नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर थांबा. ठसका लागला नाही म्हणजे सगळं पोटातच गेलं, असं नसतं.

किती दिवस जपायचं? कधी कधी वर्षानुवर्षं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना डोक्यावर घाव बसला नव्हता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ल्यात त्यांचा गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना चार दशकं जिवापाड सांभाळलं. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, त्या न्यूमोनियानं.

ताप, धाप किंवा नव्यानं आलेली गुंगी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंथरुणाला खिळलेल्याची एकच पोटरी सुजून दुखू लागली तर तिला तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते.