पडल्यानंतरची पावले

वाचकहो, धावण्याच्या शर्यतींशी आपला संबंध केव्हाच सुटला, असे आपणांपैकी अनेकांना वाटत असेल. तरीही आज एका तरुण धावपटूची कारकीर्द आपणांपुढे मांडावीशी वाटते. कारण तिच्यातील सर्वांत बोधप्रद प्रसंग विजयाचा नसून पडण्याचा आहे.

लेतेसेन्बेत गिदे हिचा जन्म १९९८ साली इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्राय प्रांतात झाला. शाळेत खेळाच्या तासाला धावण्यास नकार दिला म्हणून तिला शाळेतून काढले होते, अशी हकीकत तिच्याविषयी सांगितली जाते. तीच मुलगी २०१५ आणि २०१७ मध्ये क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानांतून व चढउतारांवरून होणाऱ्या शर्यतीत, कनिष्ठ गटाची जगज्जेती ठरली. ऑक्टोबर २०२० मध्ये वॅलेन्सिया येथे तिने ५,००० मीटर अंतर १४ मिनिटे ६.६२ सेकंदांत पार केले. जून २०२१ मध्ये हेंगेलो येथे १०,००० मीटरसाठी तिला २९ मिनिटे १.०३ सेकंद लागले. हे दोन्ही त्या वेळचे जागतिक विक्रम होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला कांस्यपदक मिळाले आणि २०२२ मध्ये १०,००० मीटरचे विश्वविजेतेपदही तिने पटकावले.

त्यानंतर १८ फेब्रुवारी २०२३ हा दिवस उजाडला. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथे जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत गिदे आघाडीवर होती. अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात आली असता केनियाच्या बीट्रिस चेबेटने तिला गाठले आणि त्याच क्षणी गिदे कोसळली. कोणीतरी धावत येऊन तिला उठवले. परंतु धावपटूने बाहेरची मदत घेणे नियमबाह्य असल्याने तिला बाद ठरविण्यात आले. पदक तर गेलेच, पण शर्यत पूर्ण केल्याची नोंदही उरली नाही.

गिदेने मात्र धावणे सोडले नाही. अवघ्या सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बुडापेस्टच्या विश्वस्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक तिने मिळवले. योगायोग असा की, त्याच शर्यतीत अखेरच्या काही मीटरांवर नेदरलँड्सची ख्यातनाम धावपटू सिफान हसन कोसळली.

पडणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. उतारवयात पडण्याने जितकी हानी होते, तितकीच त्यानंतर मनात बसणाऱ्या धास्तीनेही होऊ शकते. ‘पुन्हा पडलो तर?’ या भयाने माणूस चालणे कमी करतो, त्यामुळे स्नायू अशक्त होतात, तोल ढळू लागतो आणि पडण्याचा संभव अधिकच वाढतो. ‘आता तुम्ही बसूनच राहा,’ हा घरच्यांचा मायेचा आग्रहही याच वाटेने नेतो.

सुदैवाने, आपल्या घरात मदत घेतल्याने कोणी बाद ठरत नाही. मात्र ती मदत विचारपूर्वक असावी. कोणी पडल्यास घाईने उचलू नये. शुद्ध हरपली असेल, कंबरेत वा जांघेत तीव्र वेदना असतील किंवा पाय हलवता येत नसेल, तर न हलवता तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागल्यास, वरवर ठीक वाटले तरी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. अशी लक्षणे नसल्यास पडलेल्या व्यक्तीने थोडे थांबावे, कुशीवर वळावे, हातगुडघ्यांवर यावे आणि भक्कम खुर्चीचा आधार घेऊन सावकाश उठावे. काळजी घेणाऱ्याने खुर्ची जवळ आणावी व धीर द्यावा. बगलेत हात घालून ओढू नये.

पुढे डॉक्टरांच्या वा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने खुर्चीतून उठण्याबसण्याचा आणि ओट्याला धरून उभे राहण्याचा सराव आरंभावा. पडण्याचे कारणही शोधावे: दृष्टी, औषधे, ओली फरशी, रात्रीचा अंधार.

गिदेला बाथर्स्टहून बुडापेस्टपर्यंत पोहोचण्यास सहा महिने लागले. आपल्याला कदाचित खाटेपासून अंगणापर्यंतच जायचे असेल. ते अंतरही मोठेच आहे. कोणाचा तरी हात हाती घेऊन ते अवश्य चालावे.