तालमीचा खेळाडू आणि त्याचा गुडघा

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे इथल्या पोरांना बाराखडीआधी पाठ होतात. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण असा एखादाच. बाकीच्यांची कारकीर्द शाहू स्टेडियमवर सुरू होते आणि तेथेच संपते. कित्येकदा वयामुळे नव्हे, गुडघ्यामुळे. माझीही तशीच संपली.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. डॉक्टरीचे शिक्षण चालू होते आणि पेठेच्या संघात हाफला खेळत होतो. चेंडू घेऊन वळताना पाय जमिनीत रुतला, अंग फिरले आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. मी मालीश करून घेतले. आठ दिवसांनी पेठेच्या इभ्रतीचा सामना होता. पट्टी गुंडाळून, वेदनाशामक गोळी घेऊन उतरलो. विसाव्या मिनिटाला गुडघा निसटला, तो कायमचा. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

वाचकहो, आवाज, लगेच आलेली सूज आणि गुडघा निसटल्याची जाणीव, ही लक्षणे दिसली तर मांडीचे व नडगीचे हाड आतून जखडणारे लिगामेंट तुटल्याची शंका घ्यावी. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. म्हणून ‘हाड शाबूत आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, गरज पडल्यास एमआरआय करावा. तशाच गुडघ्यावर खेळत राहिल्यास सांध्यातली गादी फाटते आणि ऐन उमेदीत झीज सुरू होते.

दुखापत होताच खेळ थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस मालीश व शेक वर्ज्य. शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. पण झाली, तर मैदानावर परतण्यापूर्वी किमान नऊ महिने नियमित व्यायाम हवा.

दुखापत टाळण्यासाठी सरावापूर्वी वीस मिनिटे हलके धावणे, बैठका, एका पायावर तोल सांभाळणे आणि उडी मारून गुडघा वाकवून उतरणे, हे व्यायाम जरूर करावेत.

तालमीच्या जाणत्या मंडळींना एकच विनंती. सुजलेल्या गुडघ्याच्या पोराला ‘एवढी एक मॅच खेळ’ असे म्हणू नका. तो नाही म्हणणार नाही. मीही म्हटले नव्हते.