दोन गाड्यांवर हुकूमत

27 मे 2001. अमेरिकेचा टोनी स्टुअर्ट दुपारी ‘इंडियानापोलिस 500’ शर्यतीत सहावा आला, विमानानं शार्लट गाठलं आणि त्याच रात्री ‘कोका-कोला 600’मध्ये तिसरा आला. दोन्ही मिळून 1100 मैल, म्हणजे सुमारे 1770 किलोमीटर. एकाच दिवशी या दोन्ही शर्यतींची प्रत्येक फेरी पूर्ण करणारा तो आजवरचा एकमेव चालक आहे. त्याची दमछाक किती झाली असेल याची कल्पना कुणालाही येईल. खरी अवघड गोष्ट मात्र वेगळीच होती: दुपारच्या गाडीत ज्या सवयी जिंकून देतात, त्याच रात्रीच्या गाडीत घात करू शकतात.

दुपारची होती इंडीकार, म्हणजे ओपन-व्हील गाडी. चाकं उघडी, कॉकपिट एकाच माणसाच्या मापाचं, वजन साधारण पाऊण टन. रात्रीची होती नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेची, स्टॉक कार. दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी बंदिस्त, वजन जवळपास दीड टन, पुढे 5.86 लिटरचं दणदणीत व्ही-8 इंजिन. इंडियानापोलिसच्या त्याच चार किलोमीटरच्या ट्रॅकवर 2024च्या पात्रता फेरीत इंडीकारनं ताशी सरासरी 377 किलोमीटरचा वेग गाठला. स्टॉक कार तिथे 300च्या आसपास थांबते. हा फरक सरळ रस्त्यापेक्षा वळणांवर जास्त पडतो.

वळताना गाडीला आतल्या बाजूला ओढणारं अभिकेंद्री बल मुख्यतः टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून मिळतं. गाडी जड असेल तर टायरवरचा दाब वाढतो आणि घर्षणही वाढतं. पण वळवायचं वस्तुमानही तितकंच वाढलेलं असतं. शिवाय भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून वळणावर जड गाडी तोट्यात राहते. इंडीकारचे पंख आणि तळाची रचना मात्र हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबतात. वजन न वाढता दाब वाढतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंडियानापोलिसच्या वळणाची त्रिज्या सुमारे 256 मीटर आहे. तिथे ताशी 360 किलोमीटरनं वळणाऱ्या गाडीचं अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या चौपट भरतं. ताशी 250च्या वेगाला तेच दुपटीच्या आतबाहेर राहतं.

यातून दोन वेगळ्या कला जन्माला येतात. इंडीकारमध्ये वेग टिकवला तर पकड टिकते. घाबरून वेग सोडला तर पकडही कमी होते. ही गाडी मर्यादा ओलांडताना फारशी पूर्वसूचना देत नाही. स्टॉक कारचा गुरुत्वमध्य उंच असतो. वळणात शिरताना तिचं वजन एका बाजूला झुकतं आणि ते स्थिरावेपर्यंत चालकाला धीर धरावा लागतो. तिची मागची चाकं किंचित घसरत असतात आणि ते घसरणं हाताळत राहणं हेच तिथलं कौशल्य. स्टिअरिंगसुद्धा वेगळं. स्टॉक कारला पॉवर स्टिअरिंग आहे, इंडीकारला नाही.

डोळ्यांनी काही पाहून हात हलेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. ताशी 360च्या वेगात तेवढ्यात गाडी 20 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून चालक केवळ घडलेल्या गोष्टीला प्रतिसाद देऊन भागवू शकत नाही. वेगवान गोलंदाजीला तोंड देणारा फलंदाज चेंडू कुठे येईल हे आधीच ताडतो, तसा चालकाचा मेंदूही पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत राहतो. या कामात मेंदूच्या अनुमस्तिष्क या भागाचा मोठा वाटा असतो. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून आणि सीटला टेकलेल्या पाठीकडून आलेले संकेत अंदाजाशी ताडून पाहिले जातात. दोन्ही गाड्यांत जिंकायचं तर असे दोन अंदाजी नकाशे डोक्यात हवेत, आणि एकानं दुसऱ्यात लुडबुड करता कामा नये.

हे किती कठीण आहे याची साक्ष मोठी नावंच देतात. हुआन पाब्लो माँटोयानं इंडियानापोलिस 500 दोनदा जिंकली आणि फॉर्म्युला वनच्या सात शर्यती जिंकल्या. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत त्याला दोनच विजय मिळाले, तेही डाव्या-उजव्या वळणांच्या रोड कोर्सवर. लंबवर्तुळाकार ओव्हल ट्रॅकवर एकही नाही. जिमी जॉन्सन नॅस्कारचा सात वेळचा विजेता, पण इंडीकारमध्ये पाचव्या क्रमांकाच्या पुढे जाऊ शकला नाही.

इंडियानापोलिस 500 आणि नॅस्कारची डेटोना 500 या दोन्ही शर्यती जिंकणारे फक्त दोघे आहेत. मारिओ आंद्रेत्तीनं 1967 मध्ये डेटोना आणि 1969 मध्ये इंडियानापोलिस जिंकली. 1978 मध्ये तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ए. जे. फॉइटनं इंडियानापोलिस चार वेळा, डेटोना 1972 मध्ये आणि 24 तासांची ल मॉं 1967 मध्ये जिंकली.

आंद्रेत्ती, फॉइट आणि स्टुअर्ट या तिघांची शाळा एकच होती: मातीचे छोटे ओव्हल ट्रॅक आणि त्यावर धावणाऱ्या मिजेट व स्प्रिंट गाड्या. मातीतला ओलावा कमी होत जातो तशी पकड बदलत राहते. मागच्या फेरीतली चांगली रेषा पुढच्या फेरीत निकामी ठरू शकते. अशा बदलत्या सरावाच्या उपयोगाला कौशल्य शिकण्याच्या विज्ञानात आधार आहे. 1979 मध्ये शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं, की वेगवेगळ्या कृतींचा आलटून-पालटून सराव केला तर सुरुवातीला प्रगती मंद दिसते, पण शिकलेलं जास्त टिकतं आणि नव्या कृतीतही उपयोगी पडतं. या चालकांचं यश मला त्या निष्कर्षाशी जुळणारं वाटतं. मातीनं त्यांना एका गाडीची सवय लावली नाही, तर गाडी काय सांगते ते ऐकायला शिकवलं.

आज मुलं कोवळ्या वयात एकाच शिडीला लागतात: कार्टिंग, मग एकाच प्रकारच्या गाड्या, जोडीला सिम्युलेटर. आपल्याकडेही, कोल्हापूरसारख्या ठिकाणी, कार्टिंगपासून सुरुवात करणारी मुलं आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगणं: मुलांना गुळगुळीत ट्रॅकइतकीच माती द्या, पावसातला सराव द्या, अनोळखी गाड्या द्या. लॅपटाइम काही महिने मागे पडला तरी चालेल. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारा चालक असाच घडतो.