‘मोकळी जागा’ म्हणजे किती? सेनापती बापट मार्गावरची पायपीट

सेनापती बापट मार्गाला आमच्या पिढीतले लोक अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. फिनिक्सच्या आवारातलं जुनं धुराडं जिथून दिसतं तिथे उभं राहायचं, उत्तरेकडे तोंड करायचं, रेल्वेचे रूळ उजव्या हाताला ठेवायचे आणि लोअर परळच्या पुलावरून पुढे प्रभादेवी स्टेशनापर्यंत चालत जायचं. अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर. गेल्या वर्षभरात मी ही पायपीट बारा-पंधरा वेळा केली. आजच्या मुंबईची वास्तुकला समजून घ्यायला एवढा एक रस्ता पुरे, असं माझं मत होत चाललं आहे.

मी आर्किटेक्ट नाही. एका खासगी कार्यालयात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आधी ट्रेसिंग पेपर आणि पेन, नंतर ऑटोकॅड. इमारतीची कल्पना करणारे वेगळे. ती कल्पना महापालिकेच्या मंजुरीत बसेल असे नकाशे काढणं हे आमचं काम. त्यामुळे इमारत बघताना मला तिचं रूप नंतर दिसतं, तिच्यामागचा नियम आधी दिसतो. हा लेख त्या नजरेचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

सुरुवात जुन्या गिरणीच्या छपरापासून करायला हवी. या रस्त्यावर जिथे थोडेफार जुने गाळे उरले आहेत, तिथे करवतीच्या दातांसारखं छप्पर बघायला मिळतं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही, आणि कापडातला दोष साचेवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. हा उजेड छपरातून घ्यायचा म्हणजे वर दुसरा मजला चढवता येत नाही. शिवाय शेकडो साचे एकदम चालताना बसणारे हादरे जमिनीनेच सोसायचे. म्हणून विणकामाचं खातं बहुधा एकमजली आणि लांबरुंद पसरलेलं. गिरणीच्या आवारातली बरीचशी जमीन अशा छपरांखाली गेलेली असायची. हे सगळं इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण पुढे येईल.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्याची हकीकत या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गिरण्या बंद पडत गेल्या, पण जमीन राहिली. साधारण सहाशे एकर, आणि तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले. गिरणी पाडून जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. (भूखंडाच्या आकाराप्रमाणे हे प्रमाण थोडंफार बदलायचं.) कागदावर याहून उदार नियम मुंबईने क्वचितच पाहिला असेल.

पण पाडलं तरच वाटणी! जुनं बांधकाम तसंच ठेवून त्याचा वापर बदलला तर जमीन द्यावी लागत नसे. म्हणून नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या गाळ्यांत जाहिरात कंपन्या, दुकानं, खाण्यापिण्याच्या जागा आल्या. जुन्या विटांच्या भिंती आणि लोखंडी खांब बघून आज आपल्याला वाटतं, कुणीतरी वारसा जपला. त्यात वारशाच्या प्रेमाइतकाच वाटा या पळवाटेचा आहे. कारण कुठलंही असो, गाळे राहिले हे बरं झालं, असं मला तरी वाटतं.

१९९६मध्ये राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा अभ्यास केला. कोरियांचं म्हणणं साधं होतं. एकेक गिरणी सुटी विकू नका, सगळ्या जमिनींचा एकत्र नकाशा मांडा. म्हणजे इथला तुकडा आणि तिथला तुकडा जोडून सलग मैदान, रुंद रस्ता, चालणाऱ्यांसाठी वाट काढता येईल. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांभोवतीची कोंडी फोडून तिथे पादचाऱ्यांचा मोकळा चौक करावा, हाही त्याच विचाराचा भाग. तो आराखडा कागदावरच राहिला.

मग २००१ साल आलं आणि ५८वा नियम बदलला. वाटे तीनच राहिले. कशाचे वाटे, ते मात्र बदललं. आता संपूर्ण जमिनीचे नव्हे, तर आवारात आधीपासून मोकळी असलेल्या जमिनीचेच वाटे. गाळे पाडून जी मोकळी होईल ती जमेस धरायची नाही. इथे करवती छपराकडे परत या. समजा, गिरणी दहा एकरांची आहे आणि आठ एकर छपराखाली आहेत. जुन्या हिशेबाने बागेसाठी तीन एकरांहून जास्त जागा मिळाली असती. नव्या हिशेबाने दोन एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊण एकरही नाही. साच्यांना उजेड हवा म्हणून शंभर वर्षांपूर्वी पसरलेल्या छपराने शहराची बाग खाल्ली.

प्रकरण न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले होते. मीही एक खाल्ला.

आता चालू लागू. पूल ओलांडला की डाव्या हाताला आधी कमला मिलचं आवार. २९ डिसेंबर २०१७च्या रात्री इथल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जण गेले. शेजारी श्रीनिवास मिलच्या जमिनीवर वर्ल्ड वन, २८० मीटर उंच. पॅरिसच्या लूव्रमधला काचेचा पिरॅमिड करणाऱ्या आय. एम. पेई यांच्या संस्थेने केलेली ही इमारत. दुरून, वरळीच्या समुद्रावरून बघावी तर देखणी आहे, वक्र, सडसडीत. पण पायी चालणाऱ्याला मान मागे टाकल्याशिवाय टॉवर दिसत नाही. त्याला दिसतात ते कुठल्याही टॉवरचे खालचे पाच-सहा मजले, आणि या भागात तिथे माणसं क्वचितच राहतात, गाड्या राहतात.

याचंही उत्तर नियमात आहे. २००८मध्ये अशी तरतूद आली, की बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला दिला तर त्याला जादा एफएसआय मिळेल. रहिवाशांच्या स्वतःच्या गाड्यांचे मजले वेगळेच. त्यांच्यावर पोडियम, पोडियमवर हिरवळ आणि पोहण्याचा तलाव. नियमाने सक्तीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये सांगितलं. तोवर कितीतरी बागा पाचव्या-सहाव्या मजल्यावर गेल्या होत्या. भोवती अग्निशमन बंबासाठी सोडलेली पट्टी असते. ती आवश्यकच आहे, पण तिच्या बाहेर भिंत, भिंतीला लागून फूटपाथ, आणि फूटपाथवर पार्क केलेल्या मोटारसायकली.

फोर्टातला दादाभाई नौरोजी रोड आठवा. तिथल्या इमारतीही खासगी आहेत, पण त्यांच्या कमानींखालून तुम्ही-आम्ही पावसात न भिजता चालतो. इमारत आपल्या पोटातली जागा रस्त्याला देते. त्या कमानीही आपोआप उगवल्या नव्हत्या. त्या काळच्या नियमांनीच त्या मागितल्या होत्या.

एक गोष्ट सांगायला हवी. या भागातल्या एका टॉवरच्या नकाशात (कुठला ते सांगत नाही) मूळ आर्किटेक्टने मागच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारी पायवाट ठेवली होती. आठ-नऊ फुटी, दोन्ही बाजूंना झाडं. बैठकीत ग्राहकाचा माणूस म्हणाला, सिक्युरिटीचा प्रश्न येईल. मला निरोप आला. मी दोन तुटक रेघा पुसून एक सलग रेघ जोडली, मिनिटभराचं काम. निवृत्तीनंतर एकदा मी त्या भिंतीच्या मागून पुढे चालत आलो, घड्याळ लावून. नऊ मिनिटं लागली. गल्लीतली माणसं स्टेशनाला जाताना रोज नऊ मिनिटं आणि येताना नऊ मिनिटं चालतात. पुढच्या बाजूला पोचल्यावर मी ग्रॅनाइटच्या पायरीवर टेकलो, तर वॉचमन आला. कोकणातला मुलगा असावा; अदबीने म्हणाला, “काका, इथे बसू देत नाहीत.” मी उठलो. त्याची काय चूक?

रस्त्याच्या शेवटी, जुपिटर मिल जिथे होती त्या काचेच्या कार्यालयांच्या पुढे, प्रभादेवी स्टेशन येतं. २०१८पर्यंत त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी कामावर जायच्या वेळेला पाऊस आला, पादचारी पुलाच्या जिन्यावर गर्दी अडकली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं मेली. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल उभारला. गिरण्यांच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या स्टेशनांवर कार्यालयांची गर्दी येणार, हे कुणाला समजत नव्हतं असं नाही. कोरियांचा चौक नेमका तिथेच होता. तो झाला असता तर ती सकाळ टळली असती, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण जिना उतरल्यावर माणसांना पांगायला जागा हवी, एवढं नकाशे काढणाऱ्याला कळतं.

इथून समुद्राकडे पाऊण तास चाललं की दादरला चैत्यभूमीमागे इंदू मिलची जमीन लागते. ती बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली, कारण डिसेंबर २०११मध्ये कार्यकर्ते आत शिरले आणि तिथे ठाण मांडून बसले. कुठल्याही वाट्याच्या हिशेबातून ती आलेली नाही. ५८व्या नियमाचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण त्याच्या शेजारी ठेवून वाचावं.

कुणाला ही पायपीट करायची असेल तर रविवारी जाऊ नये. त्या दिवशी रस्ता उगाच प्रशस्त वाटतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊला निघावं. टोपी घ्यावी, सावली फार थोडी आहे. पाण्याची बाटली घ्यावी. बसायचं झालं तर स्टेशनाजवळ वडापाववाल्याची बाकडी आहेत, तिथून कुणी उठवत नाही.