'चालू करा' म्हणजे नेमकं काय करा?



ताम्हिणीत आषाढात पाऊस लागला, भाताची लावणी आली, की बचत गटाची बैठक मागे पडते. एक महिना जातो, दोन जातात. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, गट परत चालू करू या." आपल्याला हा एक शब्द सगळीकडे पुरतो. मोटर चालू करा, मोबाइल चालू करा, खातं चालू करा, विमा चालू करा. पण बँकेच्या कागदावर आणि मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येकाला वेगळा इंग्रजी शब्द असतो. तो उमगला नाही, तर नुकसान आपलं होतं. म्हणून आज त्या शब्दांची ओळख करून घेऊ.

यातले बरेच शब्द 'रि'ने सुरू होतात. 'रि' म्हणजे पुन्हा. खरी गोम पुढच्या अर्ध्या शब्दात असते.

रिन्यू. मुदत संपत आली, ती पुढे वाढवायची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. वर्षाचे २० रुपये आपल्या खात्यातून कापले जातात आणि २ लाखांचा अपघात विमा पुढच्या वर्षासाठी रिन्यू होतो. त्या वेळी खात्यात पैसेच नसतील, तर विमा तिथेच तुटतो. म्हणून मे महिन्यात खात्यात शिल्लक आहे ना, ते बघून ठेवायचं.

रिव्हाइव्ह. बंद पडलेल्यात पुन्हा जीव आणायचा. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर थोडी सवलतीची मुदत मिळते. महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस, वर्षाच्या हप्त्याला ३० दिवस. तीही गेली की पॉलिसी 'लॅप्स' होते, म्हणजे बंद पडते. साधारणपणे पहिला चुकलेला हप्ता धरून ५ वर्षांच्या आत ती रिव्हाइव्ह करता येते. मात्र थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि तब्येतीची माहिती द्यावी लागते. रिन्यू वेळेत होतं, रिव्हाइव्ह वेळ गेल्यावर. त्यामुळे ते महाग पडतं.

रिॲक्टिव्हेट. झोपलेलं जागं करायचं. बचत खात्यात २ वर्षांहून जास्त काळ आपण काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते निष्क्रिय ठरवते. घाबरायचं नाही. पैसे आपलेच असतात, व्याजही जमा होत राहतं. आधार, फोटो असे केवायसीचे कागद देऊन खातं जागं करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला शुल्क नाही. १० वर्षं कुणी विचारलंच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तिथूनही आपल्या बँकेमार्फत ती परत मागता येते.

इथे एक सावधगिरी. कागदावर 'क्लोज' असेल, तर ते खातं कायमचं बंद करण्यासाठी आहे. गटाचं जुनं खातं असं बंद करून नवं काढलं, तर इतक्या वर्षांच्या बचतीची आणि परतफेडीची साखळी तुटते. कर्ज देताना बँक तीच बघते. म्हणून सही करण्याआधी तेवढा एक शब्द वाचून घ्या.

रिस्टार्ट आणि रिसेट. मोबाइल अडकला की रिस्टार्ट करायचा. तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आतलं काही जात नाही. 'फॅक्टरी रिसेट' मात्र मोबाइल कारखान्यातून आला तसा कोरा करतो. लेकीच्या लग्नाचे फोटो, गटाच्या हिशोबाचे फोटो, सगळं पुसलं जातं. आधी दुसरीकडे जपून ठेवलं असेल, तरच ते परत आणता येतं. त्या परत आणण्याला म्हणतात रिस्टोअर.

रिकव्हर. हा शब्द दोन तोंडांचा. दवाखान्यात 'रिकव्हरी चांगली आहे' म्हटलं, तर माणूस बरं होतंय. बँकेत 'रिकव्हरी' म्हटलं, तर कर्जाची वसुली.

रिझ्यूम. थांबलं होतं तिथून पुढे. लावणीनंतरची आपली बैठक ती हीच. तेच रजिस्टर, तीच पासबुकं, पुढचं पान. पण बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लिखाण, या पंचसूत्रीतलं सगळंच सुटलं असेल, तर तो गट 'रिव्हाइव्ह' करावा लागतो. म्हणजे जुना हिशोब आधी सर्वांसमोर मिटवायचा, मगच नवी बचत.

मैत्रिणींनो, सगळे शब्द पाठ नाही झाले तरी चालेल. कुणी फॉर्म पुढे केला, की तीन प्रश्न विचारायचे. यानं जुनंच पुढे चालेल, की नवं सुरू होईल? पैसे किती लागतील? जुनं काही पुसलं जाईल का? उत्तर मिळाल्यावरच सही करायची. विचारायला लाजायचं नाही. पैसे आपल्या घामाचे आहेत.