हिब्रू दिवसाचा प्रारंभ : सूर्योदयी की सूर्यास्ती?

मराठीतील ‘दिवस’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. रात्रीच्या विरोधी असा उजेडाचा काळ हा त्याचा एक अर्थ, आणि साठ घटकांचे संपूर्ण अहोरात्र हा दुसरा. हिब्रू भाषेतील ‘योम’ ह्या शब्दाचीही हीच स्थिती आहे. इतकेच नव्हे, तर जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ ह्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील पाचव्या वचनात हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी येतात. वचनाच्या पूर्वार्धात देव प्रकाशाला ‘योम’ हे नाव देतो आणि अंधाराला ‘लायला’ हे नाव देतो. उत्तरार्धात संध्याकाळ व सकाळ झाल्याचे सांगून ‘योम’ची पहिली गणना केली जाते. ह्या दुसऱ्या ‘योम’मध्ये रात्रही समाविष्ट आहे, ह्याविषयी दुमत नाही. वाद आहे तो ही रात्र उजेडाच्या आधीची की नंतरची, ह्याबद्दल. ती आधीची असेल तर दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नंतरची असेल तर सूर्योदयाला.

यहुदी धर्माचार पहिल्या पक्षाचा आहे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो व शनिवारी रात्र पडल्यावर सुटतो, आणि त्याचा आधार म्हणून सामान्यतः उत्पत्तीच्या ह्याच वचनाकडे बोट दाखवले जाते. संध्याकाळ आधी आली, सकाळ मागून. म्हणून दिवस संध्याकाळपासून, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर इतका सरळ दिसतो की त्यात शंकेला जागा असेल असे वाटत नाही. तथापि ह्या शंकेने बाराव्या शतकात एक तीव्र वाद उभा केला होता.

उत्तर फ्रान्समधील रब्बी शमुएल बेन मेईर हे प्रसिद्ध भाष्यकार राशी ह्यांचे दौहित्र. त्यांचा जन्म १०८५च्या सुमाराचा. ग्रंथाचा परंपरागत अर्थ एक आणि शब्दांवरून निघणारा सरळ अर्थ दुसरा, असा विवेक करून ते दुसऱ्याचाच पाठपुरावा करीत. ह्या वचनावर लिहिताना त्यांनी दाखवले की, मजकुरात रात्र झाली व दिवस झाला असे म्हटलेले नाही. आधी प्रकाश निर्माण झाला. मग संध्याकाळ आली, म्हणजे तो प्रकाश मावळला. मग सकाळ आली, म्हणजे रात्र संपली. आणि तेथे एक दिवस पुरा झाला. ह्या वाचनात सकाळ हा दिवसाचा उत्तरार्ध नसून त्याचा शेवटचा क्षण आहे. स्वतः शमुएल शब्बाथ शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू करीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांना आचार बदलावयाचा नव्हता. आचाराचा आधार ह्या वाक्यात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

परंतु ज्यांना हे दोन प्रश्न वेगळे वाटत नव्हते त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट फार गंभीर होती. स्पेनमधून निघून इटली व फ्रान्समार्गे इंग्लंडमध्ये पोहोचलेले व्याकरणकार आणि ज्योतिर्विद अब्राहाम इब्न एझ्रा ह्यांनी ११५८मध्ये ‘शब्बाथचे पत्र’ ह्या नावाचा एक लहान ग्रंथ रचला. शब्बाथच्या रात्री स्वप्नात स्वतः शब्बाथचे पत्र घेऊन एक दूत आला आणि आपल्याच घरात शब्बाथचा भंग करणारी पुस्तके आली असल्याचे त्याने सांगितले, असा ह्या ग्रंथाचा उपोद्घात आहे. ती भाष्ये वाचणाऱ्याच्या जिभेला आणि उतरवून काढणाऱ्याच्या हाताला लेखकाने शाप दिले आहेत. हा रोख शमुएल ह्यांच्यावरच होता की तसाच अर्थ लावणाऱ्या अन्य कोणावर, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इब्न एझ्रा ह्यांची भीती मात्र समजण्यासारखी आहे. दिवस सकाळी सुरू होत असेल तर शुक्रवारची रात्र कामाला मोकळी होते आणि शनिवारची रात्र निषिद्ध ठरते. व्याकरणातील एका निर्णयाने समाजाचे आठवड्याचे वळण बदलते.

हा निर्णय व्याकरणाच्या कसोटीवर कितपत टिकतो? हिब्रू कथनात घटनाक्रम सांगताना क्रियापदाच्या एका विशिष्ट रूपाची साखळी योजली जाते. ‘व’ ह्या अव्ययाला जोडलेले हे रूप बहुधा ‘आणि मग अमुक झाले’ असा अनुक्रम सुचवते. पहिल्या अध्यायात देव बोलला, झाले, पाहिले, वेगळे केले, नाव दिले, ही सारी रूपे ह्याच साखळीतील आहेत, आणि संध्याकाळ होणे व सकाळ होणे हीही त्याच साखळीत शेवटी येतात. तेव्हा सरळ वाचनाप्रमाणे संध्याकाळ ही त्या दिवसाच्या निर्मितिकार्यानंतरची आहे. सूर्यास्तपक्षाला येथे म्हणावे लागते की हे वाक्य अनुक्रमाचे नसून समारोपाचे आहे आणि त्यात आधीच्या सर्व काळाची बेरीज केली आहे. पहिल्या दिवसापुरते हे खपून जाते, कारण प्रकाशापूर्वी अंधार होताच. दुसऱ्या दिवसापासून मात्र ओढाताण होते. तरीही हे रूप क्वचित समारोपासाठी येते हे नाकारता येत नाही, म्हणून केवळ क्रियापदावर निकाल देणे योग्य नव्हे.

निकाल जवळ आणतात ती नामे. ‘एरेव’ म्हणजे संध्याकाळ, रात्र नव्हे. अक्कादी भाषेत ‘एरेबु’ हे ‘आत शिरणे’ ह्या अर्थाचे क्रियापद असून सूर्याचे आत शिरणे म्हणजे सूर्यास्त. हिब्रू शब्द त्याच कुळातील मानला जातो. ‘बोकेर’ म्हणजे सकाळ; दिवसाचा सारा उजेड नव्हे. इब्न एझ्रा ह्यांनी स्वतःच दिलेली व्युत्पत्ती येथे त्यांच्याच विरुद्ध जाते. ज्या वेळी वस्तूंचे आकार एकमेकांत मिसळतात ती ‘एरेव’ आणि ज्या वेळी ते निरखता येतात ती ‘बोकेर’, असे ते सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ती आज कोणी स्वीकारील असे नाही. परंतु दोन्ही शब्द संधिकालाचे आहेत, ही जाणीव तीत अचूक आहे. रात्र अधिक दिवस अशी बेरीज लेखकाला करावयाची असती तर ‘लायला’ आणि ‘योम’ ही नावे त्याने नुकतीच, त्याच वचनात, दिलेली होती. ती बाजूला ठेवून त्याने दोन सीमांची नावे घेतली. उम्बेर्तो कासुतो ह्यांनी १९४४मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिब्रू भाष्यात असाच कल दाखवला आहे: व्यवहारातील दिवस सकाळी सुरू होई आणि रात्र मागील दिवसात मोजली जाई, सणांचा प्रारंभ मात्र आदल्या संध्याकाळी होई. मराठी वाचकाला हे वाचन परके वाटू नये. गोष्टीत ‘संध्याकाळ झाली’ असे आले की मधला दिवस सरला, असेच तो समजतो.

बायबलच्या इतर भागांतील पुरावा एकाच दिशेने जात नाही. लोटाच्या मुलींच्या कथेत रात्रीच्या घटनेनंतर ‘दुसऱ्या दिवशी’ थोरली धाकटीशी बोलते आणि त्या रात्रीला ‘काल रात्र’ म्हणते. पहिल्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायात मीखल दावीदाला रात्रीच पळून जाण्यास सांगते, कारण ‘उद्या’ तो मारला जाईल. दिवस सूर्यास्ताला बदलत असता तर ही सकाळ ‘आज’चीच ठरली असती. हे दाखले नेहमी दिले जातात. परंतु त्यांचे वजन वाटते तितके नाही. झोपेनंतरचा काळ तो दुसरा दिवस, ही बोलण्याची जवळजवळ सार्वत्रिक रीत आहे. जर्मनमध्ये सकाळ आणि उद्या ह्यांना एकच शब्द आहे. आपला ‘काल’ हा शब्दही पहाट ह्या अर्थाच्या संस्कृत ‘कल्य’पासून आलेला आहे. संध्याकाळी शब्बाथ सुरू करणारा मनुष्यही शुक्रवारी रात्री ‘उद्या सकाळी’ असेच म्हणेल. अशा शब्दांवरून बोलीची सवय कळते, पंचांग कळत नाही.

ह्याहून अधिक मोलाचे दाखले विधिग्रंथांत आहेत. लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायाप्रमाणे उपकारस्तुतीच्या बळीचे मांस अर्पणाच्या दिवशीच खावयाचे, सकाळपर्यंत ठेवावयाचे नाही. म्हणजे अर्पणाच्या ‘दिवसा’त पुढची रात्र धरलेली आहे. उलट त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अशुद्ध झालेला याजक सूर्य मावळताच शुद्ध होतो; तेथे सीमा सूर्यास्ताची आहे. तालमूदच्या पंडितांना ही विसंगती ठाऊक होती. मंदिरातील बळींच्या बाबतीत रात्र आधीच्या दिवसामागून जाते आणि इतरत्र दिवस रात्रीमागून जातो, असा भेद ‘हुल्लीन’ ह्या प्रकरणात त्यांनी स्पष्ट नोंदवला आहे.

सर्वांत बारकाईने वाचण्याजोगे वचन लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेस येतो, असे प्रथम सांगितले आहे. पुढे बत्तिसाव्या वचनात तोच उपवास नवव्या तारखेच्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाळावयास सांगितले आहे. सूर्यास्तपक्ष ह्यालाच आपला मुख्य आधार मानतो. परंतु दिवस स्वभावतःच सूर्यास्ताला बदलत असता तर ती संध्याकाळ दहाव्या तारखेची झाली असती. लेखक तिला नवव्या तारखेची म्हणतो. शिवाय संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत असे मुद्दाम सांगावे लागले, ह्यावरून तसे न सांगता वाचकाने वेगळे समजण्याचा संभव होता असे दिसते. सूर्यास्तपक्षाचे उत्तर असे की, ‘एरेव’ म्हणजे सूर्यास्तापूर्वीचा उतरता प्रहर, आणि तो नवव्या तारखेचाच. हे उत्तर अशक्य नाही. वल्हांडणाच्या बळीसाठी सांगितलेल्या ‘दोन संध्याकाळांमधील’ वेळेचा अर्थ परूशी परंपरेने दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत असाच केला. शोमरोनी लोक मात्र तो सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश समजतात. तरीसुद्धा बत्तिसाव्या वचनाचे शब्द, नागरी दिवस सकाळचा आणि विशिष्ट व्रत आदल्या संध्याकाळपासूनचे, ह्या व्यवस्थेशी अधिक सहज जुळतात.

एकाच समाजात अशा दोन गणना नांदणे ही भारतीय वाचकाला नवलाची गोष्ट नाही. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो आणि तिथीही सामान्यतः सूर्योदयाची धरतात. पण महाशिवरात्रीला निशीथव्यापिनी तिथी पाहिली जाते. व्रताची वेळ आणि दिवसाची गणना ह्यांत विरोध आहे असे कोणी मानीत नाही.

फ्रेंच पंडित रोलाँ द व्हो ह्यांनी १९५८ ते १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या विसंगतीची उकल कालक्रमाने केली. राजेशाहीच्या काळात दिवस सकाळचा होता आणि बाबेलच्या बंदिवासानंतर तो संध्याकाळचा झाला, असे त्यांचे मत आहे. त्याला दोन गोष्टी पोषक आहेत. बाबेलमध्ये चंद्रकोर दिसल्यावर महिना आणि सूर्यास्ताला दिवस सुरू होई, हे कीलाक्षरी लेखांवरून निश्चित आहे. रोमन लेखक प्लिनी ह्याने बाबेलकरांचा दिवस दोन सूर्योदयांमधला असल्याचे लिहिले आहे, ती त्याची चूक होय. दुसरे असे की, इ. स. पू. पाचव्या शतकातील नहेम्या यरुशलेमच्या वेशींवर अंधार पडू लागताच, शब्बाथपूर्वी, दरवाजे लावून घेतो. तेथे संध्याकाळची सीमा अगदी उघड आहे. परंतु द व्हो ह्यांनी दिलेला एक भाषिक पुरावा तपासून घेण्यासारखा आहे. जुन्या ग्रंथांत ‘दिवस व रात्र’ आणि उत्तरकालीन ग्रंथांत ‘रात्र व दिवस’ असा क्रम आढळतो, असे ते म्हणतात. शलमोनाच्या प्रार्थनेत पहिल्या राजांच्या आठव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात ‘रात्र व दिवस’ असा क्रम आहे, तर तीच प्रार्थना पुन्हा देणाऱ्या, निश्चितपणे नंतरच्या, दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकात तो ‘दिवस व रात्र’ असा आहे. बदल झाला तो नेमका उलट दिशेने. मराठीतही ‘रात्रंदिवस’ आणि ‘दिवसरात्र’ हे दोन्ही शब्द एकाच तोंडी असतात. समासातील क्रमावरून पंचांग ठरवू नये.

मृत समुद्राजवळ १९४७पासून सापडलेल्या गुंडाळ्यांनी ह्या प्रश्नाला नवे वळण दिले. त्या पंथाचे वर्ष ३६४ दिवसांचे होते. शेमार्याहू तलमोन ह्यांनी त्याचा दिवस सकाळचा असावा असे मांडले. योसेफ बाउमगार्टन ह्यांनी १९५८मध्ये त्याला विरोध केला. बाउमगार्टन ह्यांची बाजू बळकट आहे, कारण त्याच पंचांगाचा पुरस्कार करणारे, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ‘योबेलांचे पुस्तक’ वल्हांडणाचा बळी चौदाव्या तारखेस मारून सूर्यास्तानंतर पंधरावीच्या संध्याकाळी खाण्यास सांगते. तेथे तारीख सूर्यास्ताला बदललेली आहे.

नव्या करारात दोन्ही गणना भेटतात. मार्काच्या पहिल्या अध्यायात सूर्य मावळल्यावर, म्हणजे शब्बाथ सुटल्यावर, लोक आजाऱ्यांना घेऊन येतात. योहानाच्या विसाव्या अध्यायात मात्र पुनरुत्थानाच्या सायंकाळला त्याच ‘पहिल्या दिवसा’ची संध्याकाळ म्हटले आहे. भाषिक दृष्ट्या सर्वांत कुतूहलाचे स्थळ लूकाचे आहे. तेविसाव्या अध्यायात येशूच्या दफनानंतर शब्बाथ लागत असल्याचे सांगताना त्याने ‘उजाडणे’ ह्या अर्थाचे ग्रीक क्रियापद योजले आहे, आणि वेळ तर शुक्रवारच्या दिवेलागणीची आहे. हा प्रयोग लूकाच्या गफलतीचा नव्हे. मिश्नाच्या ‘पसाहीम’ प्रकरणाच्या प्रारंभी चौदाव्या तारखेच्या आदल्या रात्रीला ‘ओर’, म्हणजे उजेड, हाच शब्द लावला आहे, आणि तो रात्रीचा की पहाटेचा ह्यावर तालमूदमध्ये दीर्घ चर्चा आहे. दिवस सकाळी उजाडतो अशा काळी घडलेला शब्द, दिवस संध्याकाळी लागू लागल्यावरही, ‘लागणे’ ह्या अर्थाने टिकून राहिला असावा.

कोकणातील बेने इस्राएल समाजाला त्याच्या शेजाऱ्यांनी दिलेले नाव ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागलेला असे. परंतु सूर्योदयाला वार मोजणाऱ्या गावाला घाणा बंद दिसे तो शनिवारी.