पहिल्या रविवारची साक्ष

युटामधल्या ओरेम गावातलं हे प्रार्थनागृह खच्चून भरलं आहे. मागची घडीची भिंत सरकवून बास्केटबॉलच्या मैदानातही खुर्च्या मांडल्यात. जूनचा पहिला रविवार, म्हणजे मॉर्मन लोकांचा महिन्याचा उपास: दोन वेळचं जेवण सोडायचं, वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे, आणि ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन साक्ष द्यायची.

मी शेजारणीच्या बाकावर बसले आहे. तिच्या पलीकडे तिचा नवरा, मग धाकटा मुलगा आणि त्याच्याशेजारी त्याचा जोडीदार. ऑगस्टमध्ये या दोघांचं लग्न आहे. माझ्या अलीकडे थोरली मुलगी, तिच्या मांडीवर चीरिओज् खाणारी तान्ही पोर. थोरली सकाळपासून भावाशी एक शब्द बोललेली नाही.

प्रभुभोजनाचा पाव येतो. पांढरे शर्ट घातलेली बारा-तेरा वर्षांची पोरं ट्रे घेऊन रांगांमधून फिरतात. मुलगा तुकडा न उचलता ट्रे पुढे सरकवतो. मग पाण्याच्या इवल्या पेल्यांचा ट्रे, तोही तसाच. त्याला आज कुणी मनाई केलेली नाही. पण या बाकांवर वाढलेल्याला ते सांगावं लागत नाही, आणि मागच्या रांगांना ते दिसल्याशिवाय राहत नाही. आई पेला रिकामा करते आणि नवऱ्याच्या मांडीवरून हात लांबवून मुलाचं मनगट घट्ट धरते.

या लोकांत कुटुंब मरणाने तुटत नाही. मंदिरात नवरा-बायको, आईबाप आणि मुलं अनंतकाळासाठी जोडली जातात. 1995 साली चर्चने कुटुंबाविषयी काढलेलं घोषणापत्र कितीतरी दिवाणखान्यांत फ्रेम करून लावलेलं दिसतं. त्यात विवाह स्त्री-पुरुषाचाच. म्हणून मुलगा ‘मी गे आहे’ म्हणाला, की लोक काय म्हणतील याच्याही पुढची भीती आईला घेरते: परलोकात आपल्या घरची एक खुर्ची रिकामी राहणार. शेजारणीने हे मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. त्या भीतीपायी तिने मुलाशी कित्येक महिने धड बोलणं टाळलं, आणि त्याच भीतीने एका रात्री उठून त्याला फोन केला. इथली कठोरता आणि इथली माया एकाच श्रद्धेतून येतात, असं मला दिसतं.

तरी कठोरता ती कठोरताच. नोव्हेंबर 2015 मध्ये चर्चने समलिंगी विवाह करणाऱ्या सभासदांना धर्मत्यागी ठरवलं. एरवी आठव्या वर्षी होणारा बाप्तिस्मा त्यांच्या मुलांना अठरा वर्षांचं होईपर्यंत नाकारला. एप्रिल 2019 मध्ये हा नियम मागे घेतला; मधल्या काळात ज्या घरांत दारं बंद झाली, ती सगळी उघडली नाहीत. असं लग्न आजही गंभीर पाप मानलं जातं. ऑगस्टनंतर या मुलाचं सभासदत्व राहील की जाईल, हे समोर बसलेल्या बिशपवर आणि त्याच्या वरच्यांवर अवलंबून आहे. बिशप पगारी धर्मगुरू नाही. आठवडाभर तो दातांचा दवाखाना चालवतो आणि याच गल्लीत राहतो.

याच सकाळी उत्तरेला सॉल्ट लेक सिटीत समलिंगी लोकांची प्राइड मिरवणूक निघाली आहे. 2012 मध्ये तिथे तीनशेहून जास्त श्रद्धाळू मॉर्मन चर्चच्या रविवारच्या कपड्यांत चालले होते, पोराबाळांसकट. शेजारीण तेव्हा ते टीव्हीवर बघून संतापली होती.

आता तिचा नवरा उठतो. मितभाषी माणूस. माइकपाशी जाऊन ‘मला माहीत आहे’ म्हणतो. ‘की हे चर्च खरं आहे’ हा पुढचा भाग सगळ्यांना पाठ. तो थांबतो.

“थोरलीचं लग्न मंदिरात झालं. धाकट्याकडे आत यायचा चर्चचा परवाना नव्हता. तो सूट घालून बाहेर उन्हात उभा होता. मी आत रडलो. आनंदाने रडलो, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.” मग ख्रिस्ताच्या नावाने आमेन. काही जण मोठ्याने आमेन म्हणतात, काही म्हणत नाहीत.

बाहेरच्या बोळात गर्दी होते. एक म्हातारा बापाचा हात हातात घेतो, मुलांकडे बघतही नाही. एक बाई जोडीदाराला मिठी मारते, बराच वेळ सोडत नाही. कुणी म्हणतं, “आम्ही प्रार्थना करतोय”, आणि कशासाठी ते बोलत नाही.

थोरली भावासमोर येऊन उभी राहते. “मुलांना काय सांगू मी?”

“मामाचं लग्न आहे, असं सांग.”

ती तान्हीला या कडेवरून त्या कडेवर घेते. “तारीख कळव,” एवढं म्हणून गाडीकडे जाते.

शेजारीण बिशपला गाठते. लग्न परसात आहे, चर्चच्या घडीच्या खुर्च्या मिळतील का? त्याचा चेहरा लाल होतो. “नाही देता येणार. अशा लग्नासाठी चर्चचं काही वापरू देता येत नाही मला.” मला राग येतो, लोखंडी खुर्च्याच त्या. पण तो तिथून हलत नाही. “माझ्या गॅरेजमध्ये बारा आहेत. घरच्या आहेत. घेऊन जा.”

“तुम्हीच घेऊन या,” ती म्हणते, “आणि एकीवर बसा.”

“बघतो.”

“बघू नका. या.”